दोन मिनिटांचा निरोप

आपली दिवाळी गोठ्यातून सुरू होते. लक्ष्मीपूजनाला अजून अवकाश असतो, फराळाचे डबे भरायचे राहिलेले असतात, आणि आश्विन वद्य द्वादशीच्या संध्याकाळी, वसुबारशीला, घरातल्या सुवासिनी तबक घेऊन गाईवासराला ओवाळतात. कित्येक घरांतून त्या दिवशी गाईचे दूधतूप वर्ज्य असते. सणाचा पहिला दिवा लागतो तो असा मुक्या जिवांपुढे.

याच सणाच्या तोंडावर, १९२८ साली, एका वासराच्या मरणाने मोठे वादळ उठवले होते. साबरमतीच्या सत्याग्रहाश्रमातले ते वासरू जायबंदी होऊन पडले होते. उपचार करणाऱ्यांनी आशा सोडली होती. तेव्हा डॉक्टरला बोलावून त्याला विषाची सुई टोचण्यात आली आणि त्याच्या यातना संपवण्यात आल्या. करवून घेणारे होते महात्मा गांधी. ज्यांनी जन्मभर अहिंसा सांगितली त्यांनीच गाईचे वासरू मारवले, हे कित्येक श्रद्धाळू मनांना सोसवेना. टीकेच्या पत्रांचा ढीग पडला, आणि गांधीजी कित्येक आठवडे त्यांना उत्तरे देत राहिले.

सणासुदीच्या अंकात हा विषय कशाला, असे एखादी गृहिणी विचारील, आणि तिचे विचारणे रास्तच आहे. पण आपल्या घरांकडे जरा पाहा. पूर्वी कुत्रे गल्लीचे असे, फार तर वाड्याच्या दारातले. मांजर पाटावर येऊन बसे, पण ते उंदरांसाठी पाळलेले. आज तेच कुत्रे अंथरुणाच्या पायथ्याशी झोपते, त्याचा वाढदिवस होतो, मुलांच्या शपथा त्याच्या नावाने घेतल्या जातात. ज्याला घरात घेतले त्याचे म्हातारपणही घरातच येणार. मग एक दिवस असा येतो की औषध थकते आणि यातना मात्र थकत नाहीत. शहरांतून, आणि आता आमच्या सांगली-मिरजेकडेही, अशा वेळी पशुवैद्य घरी येतो आणि त्या जिवाला त्याच्या स्वतःच्या गोधडीवर शांतपणे निरोप देता येतो. ‘हे पाप की पुण्य?’ हा प्रश्न मग उंबऱ्याच्या आत येऊन उभा राहतो. त्या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. तो थोडक्यात सांगावा, एवढाच या लेखाचा हेतू.

सुरुवात आपल्या कृष्णाकाठानेच करू. साताऱ्याजवळ संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, छत्रपती शाहू महाराजांची समाधी आहे. संभाजी महाराजांचे पुत्र, १७०७ साली मोगलांच्या कैदेतून सुटून आलेले आणि १७४९ साली साताऱ्यास निधन पावलेले ते हे शाहू महाराज. तेथेच त्यांच्या लाडक्या कुत्र्याची, खंड्याची, समाधीही दाखवतात. वाघाच्या तावडीतून या कुत्र्याने महाराजांचा जीव वाचवला, म्हणून त्यांनी त्याला जहागीर दिली आणि पालखीचा मान दिला, असे सांगतात. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफनेही १८२६ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात जहागीर मिळालेल्या या कुत्र्याची हकीकत नोंदवली आहे. भर दरबारात महाराजांनी आपली पगडी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली, असेही तो लिहितो.

रायगडावरच्या वाघ्याची कथा तर आपण लहानपणापासून ऐकत आलो. धन्याच्या चितेत उडी घेणारा तो इमानी कुत्रा. त्या कथेला समकालीन कागदाचा आधार नाही, आणि त्याच्या पुतळ्यावरून अलीकडे वादही झाले. पण लोकांच्या मनाने ती धरून ठेवली आहे खरी.

या दोन्ही कथा पुन्हा वाचताना मला एक गोष्ट जाणवते. खंड्याचा पराक्रम आपल्याला माहीत आहे, त्याचा मान माहीत आहे. त्याचे म्हातारपण कसे गेले, शेवटी त्याला काय दुखत होते, तो कुणाच्या हातून शेवटचे पाणी प्याला, याविषयी अक्षर नाही. वाघ्याचे मरण आपल्याला ठाऊक आहे, पण ते आपल्या इमानाखातर आलेले मरण आहे. प्राण्याने आपल्यासाठी मरावे, हे सांगायला आपल्याला आवडते. त्याचे स्वतःचे दुखणे, त्याचे स्वतःचे मरण, यांना आपल्या बखरीत जागा मिळाली नाही.

इंग्रजी अमलात हा प्रश्न प्रथम रस्त्यावर आला, तो मुंबईत. भर उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम असे, आणि मारलेल्या कुत्र्यामागे मारणाऱ्याला बक्षीस मिळे. बक्षिसाच्या लोभाने माणसे दारातली, पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागली. १८३२ च्या जून महिन्यात फोर्टात याचा भडका उडाला. पारशी समाजात कुत्र्याला धर्मानेच मोठे स्थान. माणसाच्या अंत्यविधीतही त्याची दृष्टी पवित्र मानलेली. चिडलेल्या जमावाने पोलिसांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली, हिंदू व्यापारीही त्यात सामील झाले, आणि अखेर लष्कर बोलवावे लागले. मुंबईच्या आधुनिक इतिहासातला हा पहिल्या दंग्यांपैकी एक, आणि तो कुत्र्यांसाठी झाला!

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि त्यांचे जैन व हिंदू सहकारी यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभी राहिली. मारण्याऐवजी पोसायचे, मरेपर्यंत पोसायचे, हा तिचा बाणा. ही परंपरा थोर आहे आणि तिने असंख्य जिवांना आसरा दिला आहे. पण इतिहास सांगताना हेही सांगायला हवे, की सरकारचा सोटा आणि पांजरपोळीची भिंत या दोन टोकांच्या मध्ये एक गोष्ट सारखीच होती. जनावराचा शेवट दोन्हीकडे घराबाहेर, आपल्या नजरेआड होई. पोसणाऱ्याने देणगी दिली, मारणाऱ्याने बक्षीस घेतले. जवळ बसायला कुणी उरले नाही.

मधल्या काळात विद्या पुढे सरकत होती. दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्याने परळला बाई साकरबाई यांच्या नावाचे पशुरुग्णालय उभे राहिले आणि १८८६ साली तेथे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. तिकडे लंडनमध्ये बेवारशी कुत्र्यांच्या आश्रयगृहात १८८४ साली बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन या डॉक्टरने बंद कोठीत गुंगीचे वायू सोडून कुत्र्यांना वेदनेवाचून मरण देण्याची सोय केली. १९०३ साली एमिल फिशर आणि योसेफ फॉन मेरिंग या जर्मन शास्त्रज्ञांनी झोप आणणारे व्हेरोनाल हे औषध सिद्ध केले. ते परिणामकारक आहे हे प्रथम समजले ते कुत्र्यांना झोपवून. आज पशुवैद्य ज्या औषधाने शेवटचा निरोप देतात ते याच घराण्यातले. माणसाला निवांत झोप मिळावी म्हणून ज्यांच्यावर प्रयोग झाले, त्या कुत्र्यांच्याच वाट्याला पुढे ती शांत झोप आली, हा योगायोग मनात ठेवण्यासारखा आहे.

आता पुन्हा साबरमतीकडे वळू. वासराच्या प्रकरणाआधी दोन वर्षे, १९२६ साली, अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी आपल्या गिरणीच्या आवारातली साठ मोकाट कुत्री मारवली होती. जीवदयावाद्यांनी गांधीजींकडे तक्रार केली. त्यांना वाटले, महात्माजी निषेध करतील. गांधीजींनी उलटाच प्रश्न टाकला: दुसरे काय करता आले असते? त्यांचे म्हणणे असे, की रस्त्यात कुत्र्याला भाकरीचा तुकडा टाकून पुण्य जोडायचे आणि त्याची जबाबदारी मात्र घ्यायची नाही, ही दया नव्हे. कुत्रा पाळायचा तर नीट पाळा, घरात घ्या. मालकावाचून फिरणारे कुत्रे ही कुत्र्याची नव्हे, समाजाची लाज आहे.

हे झाले परक्या कुत्र्यांचे. वासरू मात्र आश्रमाचे होते, घरचे होते, आणि म्हणून ते प्रकरण अधिक कठीण. त्याला कूस बदलतानाही असह्य वेदना होत. गांधीजींनी हा प्रश्न एकट्याने सोडवला नाही. साऱ्या आश्रमापुढे ठेवला. चर्चा झाली. एका सज्जन शेजाऱ्याने कडाडून विरोध केला. त्याचा मुद्दा सोपा आणि जबरदस्त होता: जो जीव आपल्याला निर्माण करता येत नाही, तो घेण्याचा अधिकार आपल्याला नाही. गांधीजींचे उत्तर असे, की जीव घेण्यामागे स्वार्थ असेल तर हा मुद्दा खरा. येथे स्वार्थ कोणता? शेवटी त्यांनी डॉक्टरला बोलावले आणि स्वतः समोर उभे राहून सुई देवविली. दोन मिनिटांच्या आत सारे संपले. मग १९२८ च्या सप्टेंबरअखेर त्यांनी हे सारे ‘नवजीवन’मध्ये स्वतःच छापले. लोकांना रुचणार नाही हे ठाऊक असूनही छापले.

त्या लेखात वासराच्या जोडीला माकडांचा प्रश्न होता, हे फारसे कुणाच्या लक्षात राहिलेले नाही. आश्रमाच्या पिकांची माकडे नासाडी करीत होती. त्यांना मारावे काय? येथे गांधीजींनी रेघ स्पष्ट ओढली. वासराला मारले ते वासरासाठी; माकडांना मारले तर ते आमच्यासाठी, आमच्या पिकासाठी, आणि म्हणून ती हिंसाच होईल. करावी लागली तरी हिंसाच. कृती एक, सुई एक, मरण एक. पण कुणाचे दुःख संपवायचे आहे, या एका गोष्टीवर सारा न्याय अवलंबून.

पुढे टीकाकारांना उत्तर देताना त्यांनी चार अटी मांडल्या. आजार बरा न होणारा हवा. जवळच्या सर्वांनी आशा सोडलेली हवी. कोणतीही सेवा, कोणतीही मदत पोचण्याच्या पलीकडे ते दुखणे गेलेले हवे. आणि सोसणाऱ्याला आपली इच्छा सांगणे अशक्य असले पाहिजे. चारही अटी पुऱ्या झाल्या तरच. स्वतःच्या मुलावर अशी वेळ आली, तरी आपण हेच कर्तव्य मानू, असेही ते म्हणाले. कित्येकांना ते भयंकर वाटले असेल. पण आपल्या मुलासाठी जे करायला आपण धजणार नाही ते वासराला करावे, असा सोपा मार्ग त्यांनी घेतला नाही, हे मान्य करावेच लागेल.

मराठी घरात ‘दयामरण’ हा शब्द पोचला तो माणसाच्या निमित्ताने. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये अमानुष अत्याचार झाला, आणि त्या पुढे कधी उठल्या नाहीत. त्यांना मरण द्यावे अशी विनंती सर्वोच्च न्यायालयात गेली. मार्च २०११ मध्ये न्यायालयाने ती नाकारली, मात्र कृत्रिम उपचार काढून घेऊन मरण येऊ देण्याची वाट काही बंधने घालून मोकळी केली. मे २०१५ मध्ये अरुणाताई गेल्या. बेचाळीस वर्षे केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना न्हाऊमाखू घातले, भरवले, आणि त्यांना मरण द्यावे या मागणीला त्याच परिचारिकांनी विरोध केला. गांधीजींची तिसरी अट येथे आठवते. जोवर सेवेचा हात पोचतो आहे तोवर, असे त्या जणू म्हणत होत्या. माणसाचा प्रश्न आणि जनावराचा प्रश्न एका तागडीत घालू नयेत, हे मला पटते. पण सेवा पोचते की नाही, हे पाहण्याची दृष्टी दोन्हीकडे लागते.

जनावरांपुरते कायद्याने हे केव्हाच ओळखले आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या खटपटीतून आला. जनावर इतके जखमी वा रोगी असेल की त्याला जिवंत ठेवणे हीच क्रूरता ठरावी, तर त्याचा अंत करण्याची तरतूद त्यात आहे. मात्र मालकाची संमती नसेल तर पशुवैद्याचे मत लागते. कुणीही उठून कुणाचे जनावर मारावे असे नाही.

कायदा असा शहाणा, पण लोकांच्या आठवणी वेगळ्या. माझ्या वयाच्या कित्येकांनी लहानपणी पाहिले आहे, की पालिकेची माणसे खाण्यात विष घालून गल्लीत टाकत. कुचल्यापासून निघणारे ते विष. त्यात शुद्ध जात नाही. शुद्धीत राहूनच अंग धनुष्यासारखे ताणते. मुंबईत विजेच्या धक्क्याने कुत्री मारण्याची पद्धत १९९० च्या दशकापर्यंत होती. म्हणून ‘सुई देऊन मारले’ हे शब्द कानी पडताच आपल्या अंगावर काटा येतो. त्या काट्यामागे विषाच्या गोळीची आठवण असते, आणि ती खोटी नाही. पण पशुवैद्याची सुई आणि ती गोळी यांत महदंतर आहे, हे मी एकदा समक्ष पाहिले. ते येथे सांगतो, कारण कागदावरचा इतिहास घरात कसा उतरतो हे त्याने कळेल.

आमचे माधवनगर म्हणजे सांगली आणि बुधगाव यांच्या मध्ये, मिरज धाकटी पाती संस्थानाच्या काळात वसलेली व्यापारी पेठ. पुणे-मिरज लोहमार्गावर आमचे छोटे स्टेशन आहे. स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर एका घरी काळू नावाचा कुत्रा होता. प्रत्येक गाडीच्या शिट्टीला उत्तर देणे हे आपले काम आहे अशी त्याची समजूत होती आणि तेरा वर्षे त्याने ते चोख बजावले. गेल्या वर्षी त्याच्या पुढच्या पायाच्या हाडात गाठ झाली. कर्करोग निघाला. औषधे झाली, दुखणे कमी करणाऱ्या गोळ्या झाल्या, मग गोळ्याही लागू पडेनाशा झाल्या. गाडी यायची, जायची. काळूचा कान हलत नसे. रात्री कूस बदलताना तो ओरडे आणि सारे घर उठून बसे.

घरातल्या मुलीला मी शाळेत इतिहास शिकवलेला. तिच्या वडिलांनी मला बोलावले. ओटीवर आजी बसल्या होत्या. मी टेकण्याआधीच त्यांनी विचारले, “मास्तर, जे आपल्याला घडवता येत नाही ते मोडायचं कसं हो?”

मी चकित झालो. साबरमतीच्या त्या शेजाऱ्याचाच मुद्दा, एका अक्षराचे शिक्षण न झालेल्या बाईने, माधवनगरच्या ओटीवर मांडला होता. मी म्हटले, “आजी, गांधीबाबांना एकानं हेच विचारलं होतं.” आणि वासराची गोष्ट सांगितली, त्या चार अटी सांगितल्या. करा किंवा करू नका, असे काही म्हणालो नाही. आजी बराच वेळ गप्प होत्या. चौथी अट ऐकून मुलगीच हळूच म्हणाली, “त्याला विचारता येत नाही म्हणून आपण विचार करायचा, असं ना सर?”

दुसऱ्या दिवशी सांगलीहून पशुवैद्य आले. तरुण गृहस्थ, शांत. त्यांनी काळूला तपासले आणि विचारले, खातो का, पाणी पितो का, घरचे माणूस आले तर शेपटी हलवतो का, दुखण्याशिवायचा एखादा तास त्याला मिळतो का. मुलीचे वडील एकदम म्हणाले, “डॉक्टर, आता बघवत नाही हो.”

डॉक्टर थांबले. म्हणाले, “दादा, तुम्हाला बघवत नाही म्हणून असेल तर मी सुई देणार नाही. त्याला सोसवत नाही अशी तुमची खात्री असेल, तर देतो.”

बघवत नाही आणि सोसवत नाही! १९२८ साली एवढी शाई खर्ची पडली ती या दोन क्रियापदांतल्या अंतरासाठी. वासरू आणि माकड यांच्यामध्ये गांधीजींनी ओढलेली रेघ ती हीच. घरातल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिले. उत्तर आजींनी दिले. म्हणाल्या, “परवापासनं माझ्या हातची भाकरी हुंगून तोंड फिरवतोय. त्याला नाही सोसवत, बाबा.”

पुढचे सारे त्याच्या जुन्या गोधडीवर झाले. डॉक्टरांनी आधीच सर्वांना सांगून ठेवले: पहिली सुई गुंगीची, तिने तो गाढ झोपेल. दुसरी शिरेतून. आधी मेंदू शांत होतो, मग श्वास, मग हृदय. डोळे मिटणार नाहीत, ते उघडेच राहतील. कदाचित नंतर एखादा मोठा श्वास येईल. तो त्याला कळत नसतो, तुम्ही घाबरू नका. आजींनी तुळशीचे पान बुडवून पाण्याचे दोन थेंब त्याच्या जिभेवर सोडले. त्याने त्यांची बोटे चाटली. मुलगी त्याचे डोके मांडीवर घेऊन बसली; बाहेर जा असे तिला कुणी सांगितले नाही. काही वेळात त्याचा श्वास लांब आणि सावकाश झाला. कित्येक रात्रींनंतरची ती पहिली झोप. मग पायावरचे केस काढून दुसरी सुई दिली. डॉक्टरांनी नळी लावून पुष्कळ वेळ छाती ऐकली आणि मान हलवली. दोन मिनिटे झाली असतील नसतील.

जाताना डॉक्टरांनी बजावले, खड्डा खोल घ्या, कमरेच्या वर. हे औषध देहात राहते. कोल्ह्याकुत्र्याने, पाखराने ते मांस खाल्ले तर तेही मरते. बुधगावच्या शिवारात त्यांचे थोडे रान आहे, तेथे बांधावरच्या लिंबाखाली खड्डा घेतला. या सूचनेमागेही आपल्या देशाचा एक कडू धडा आहे. गुरांचे दुखणे थांबावे म्हणून आपण सढळ हाताने डायक्लोफेनॅक हे औषध देत आलो. अशी गुरे मेल्यावर त्यांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ साली शास्त्रज्ञांनी सिद्ध केले. २००६ साली गुरांसाठी ते औषध बनवण्यास बंदी आली. तोवर आकाश रिकामे होत आले होते, आणि मुंबईच्या पारशांच्या दख्म्यांवर गिधाडे उतरेनाशी झाली होती. दयेलाही पुढचा विचार लागतो. ती खड्ड्याच्या खोलीपर्यंत पोचावी लागते.

त्या घरी पाप झाले की पुण्य, हे ठरवणारा मी कोण? पांजरपोळीच्या मार्गाने जाणारी, शेवटच्या श्वासापर्यंत जनावराची शुश्रूषा करीत बसणारी जैन घरेही आमच्या भागात पुष्कळ आहेत. त्यांच्या मार्गात मला उणे दिसत नाही, कारण ती माणसे जवळ बसतात. ज्यांनी सुईचा मार्ग घेतला आणि जवळ बसले त्यांच्यातही मला उणे दिसत नाही. उणे मला दिसते ते तिसऱ्या मार्गात: म्हातारे कुत्रे गाडीत घालून दुसऱ्या गावच्या वेशीवर सोडून येणे. त्यात रक्त सांडत नाही, सुई लागत नाही, आणि हात तेवढे स्वच्छ राहतात. शाहू महाराजांच्या पालखीपासून साबरमतीच्या गोठ्यापर्यंतचा हा प्रवास पाहिला म्हणजे वाटते, की जनावराचा मान आपण फार पूर्वी शिकलो, त्याचा आसरा त्यानंतर शिकलो. त्याच्या मरणाजवळ बसणे तेवढे शिकायचे राहिले होते.

मोकाट कुत्र्यांच्या संततिनियमनासाठी केंद्र सरकारने २००१ साली नियम केले. २०२३ साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. बरे न होणारे आणि प्राणांतिक जखमी झालेले कुत्रेच, तेही पशुवैद्याच्या हातून, वेदनेवाचून निरोपावे, हे त्यांतले तत्त्व. २००१ च्या त्या नियमांत दोन छोटी वाक्ये होती. एक असे, की एका कुत्र्याला दुसऱ्या कुत्र्याच्या देखत मरण देऊ नये. आणि दुसरे, की देह हलवण्याआधी तो प्राणी खरोखर गेला आहे याची खात्री करून घ्यावी. सरकारी भाषेत इतकी माया क्वचित आढळते. कुत्र्याला कळते, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते.

माणसांनी त्या वेळी जवळ असावे की नसावे, याविषयी मात्र नियम काही बोलत नाही. ते ज्याने त्याने आपापल्या घरी ठरवायचे आहे.